छताची पाहणी आणि बाईची सही

(अर्धापूर येथे बचत गटांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीचा विषय ‘घराच्या छताची पाहणी’ असा कळवला, तेव्हा तुमच्यापैकी दोघी-तिघींनी विचारलं, “ताई, हे तर गवंड्याचं काम. बायकांच्या बैठकीत कशाला?” प्रश्न रास्त आहे. आपण इथे दारूबद्दल बोलतो, मुलींच्या शिक्षणाबद्दल बोलतो, मजुरीच्या दराबद्दल बोलतो. मग छत मध्येच कुठून आलं?

मी उलट विचारते. पावसाळ्यात पहिली धार कुठे लागते आणि तिच्याखाली पातेलं कुठे ठेवायचं, हे घरात कुणाला ठाऊक असतं? माळ्यावरच्या कोणत्या लाकडातून भुगा गळतो? कोणत्या कोपऱ्याची भिंत दर श्रावणात ओली होते? माळवदाला माती कोण देतं, सारवतं कोण? ह्या सगळ्याचं उत्तर एकच आहे. पण घराची पाहणी करायला माणूस आला की खुर्ची अंगणात पडते, घरातला पुरुष समोर बसतो, आणि आपण चहा ठेवायला आत जातो. घर जिला सर्वांत जास्त ठाऊक, तिला कुणी एक शब्द विचारत नाही. कागद भरला जातो, सही होते, साहेब जातात. त्या कागदावर पुढे पैसे ठरतात, दुरुस्ती ठरते, कधी कधी जीवही ठरतो. म्हणून आजचा विषय आपलाच आहे.

आपल्या भागात छत पाहायला माणूस साधारण तीन वेळा येतो. अतिवृष्टी किंवा वादळानं पडझड झाली की पंचनाम्याला. भूकंपाचा धक्का बसला की तडे बघायला. आणि घरकुलाच्या योजनेत नाव लागलं की, आधी जुनं घर बघायला आणि मग बांधकामाच्या टप्प्याटप्प्याला फोटो काढायला. तिन्ही वेळा आपली तयारी काय असावी, हे आज बघू.

आधी भूकंपाचं बोलू, कारण तो अजून सगळ्यांच्या लक्षात आहे. २१ मार्च २०२४ ची सकाळ. सहा वाजून आठ मिनिटं झाली होती. कुणी दळण निवडत होतं, कुणी शेतात निघालं होतं. भांडी वाजली, पत्रे थरथरले, सगळे बाहेर धावले. दहा-अकरा मिनिटांनी दुसरा धक्का बसला. पहिला ४.५ रिश्टरचा, दुसरा ३.६ चा, केंद्र शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात. त्याच वर्षी १० जुलैला सकाळी पुन्हा ४.५ चा धक्का आला. त्याआधी २००६-०७ साली नांदेड शहरात जमिनीतून आवाज येत होते, छोटे छोटे धक्के बसत होते आणि लोक रात्री घराबाहेर झोपत होते. म्हणजे ‘आपल्याकडे भूकंप होत नाही’ हे म्हणायची सोय आता उरलेली नाही.

मार्चच्या धक्क्यानंतर नांदेडच्या जिल्हा प्रशासनानं एक आवाहन केलं होतं: ज्यांच्या घरावर पत्रे आहेत आणि पत्र्यांवर दगड ठेवले आहेत, त्यांनी ते दगड काढून घ्यावेत. साधी सूचना आहे, पण तिच्यात आपल्या घरांची सगळी गोष्ट आली. पत्र्यावर दगड का ठेवतो आपण? वाऱ्यासाठी. आपल्या भागात वावटळ आली की केळीच्या बागा आडव्या होतात आणि घरावरचे पत्रे उडतात. पत्रा लोखंडी पाइपला नीट आवळायचा तर जे हूक, नट, वायसर लागतात, मिस्त्रीची मजुरी लागते. दगड फुकट मिळतो. म्हणून गरिबाच्या छपरावर दगड असतात. वाऱ्यापासून वाचवणारा तोच दगड जमीन हलली की खाली झोपलेल्या लेकराच्या डोक्यावर येतो. आणि सूचना पाळून नुसते दगड काढले, तर पुढच्या वावटळीत पत्रा उडेल आणि तोही कुणाला तरी कापेल. दगड काढायचे, पण त्याच दिवशी पत्रा हुकानं आवळायचा, अशी ही जोडीची कामं आहेत. दगडाच्या जागी वाळूची पोती ठेवली तर ओझं तसंच राहतं. एका खोलीला किती हूक लागतील, ते मोजून बचत गटानं एकत्र खरेदी केली तर हे काम कर्ज काढण्याइतकं मोठं नाही.

आता माळवदाकडे येते. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी दोन वर्षांची होते. मला त्यातलं काही आठवत नाही. पुढे एम.एस.डब्ल्यू. करताना आम्हाला तो अभ्यासाला होता, आणि नंतर लातूरकडच्या गावांत काम करताना मोठ्या बायकांच्या तोंडून ऐकला. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटं. आदल्या दिवशी गणपतीचं विसर्जन झालेलं, लोक दमून झोपलेले. सुमारे आठ हजार माणसं गेली. भूकंप जगातल्या मोठ्या भूकंपांपैकी नव्हता. माणसं मेली ती घरांखाली. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडाच्या भिंती, दगडांमध्ये चुन्या-सिमेंटऐवजी माती, आतला पदर आणि बाहेरचा पदर एकमेकांना न बांधलेला. आणि वर माळवद.

माळवद कसं घालतात ते तुमच्यातल्या मोठ्यांना सांगायला नको. खांबांवर तुळई, तुळईवर दांडं, त्यावर फळ्या किंवा काटक्या, त्यावर पाला, आणि वर पांढरी माती. उन्हाळ्यात थंड, थंडीत ऊबदार. आपल्या हवेला इतकं चांगलं छत दुसरं नाही. पण ते गळू लागलं की आपण काय करतो? आणखी एक थर देतो. आजेसासूनं दिला, सासूनं दिला, आपण दिला. जुना थर कुणी काढत नाही. पाच-सहा इंचांची माती दोन पिढ्यांत दीड-दोन फूट होते.

जरा हिशेब करू. दहा बाय दहाची खोली घ्या. तिच्यावर एक फूट माती म्हणजे शंभर घनफूट. एक घनफूट माती कोरडी असली तरी पंचेचाळीस किलोच्या आसपास भरते. म्हणजे डोक्यावर साडेचार टन! पावसानं भिजली की त्याहून जास्त. तीच माती सहा इंचांवर आणली तर सव्वादोन टनांवर आली. कुठलं सिमेंट नाही, लोखंड नाही, नुसतं फावडं आणि घमेलं लागतं. किल्लारीच्या कितीतरी घरांत लाकडी खांब-तुळया उभ्या राहिल्या आणि भिंती पडल्या. लाकडाचा सांगाडा चांगलाच होता. भिंतीची बांधणी आणि डोक्यावरचं ओझं ह्यांनी घात केला. म्हणून ‘माळवद वाईट आणि स्लॅब चांगला’ असं सरसकट म्हणू नका. हलकं केलेलं, खांब-तुळईच्या कोनात तिरपे टेकू मारलेलं, वाळवी नसलेलं माळवद चांगलं. आणि गज उघडे पडलेला, मधून झोळ आलेला, वर हजार लिटरची टाकी, म्हणजे एक टन पाणी, चढवलेला स्लॅब धोक्याचा.

किल्लारीनंतर सरकारनं जागतिक बँकेच्या कर्जातून पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम घेतला. बावन्न गावं नव्या जागी वसवली. त्याखेरीज तेरा जिल्ह्यांतली सुमारे दोन लाख घरं जागच्या जागी दुरुस्त आणि मजबूत करायची ठरली. घरं पाहायची, काय दुरुस्त करायचं ते ठरवायचं, आणि कामाच्या टप्प्याप्रमाणे घरमालकाला पैसे द्यायचे, अशी ती योजना होती. सुरुवातीला अभियंते गावात यायचे, पारावर पुरुषांशी बोलायचे, निघून जायचे. लोकांना कळायचं नाही की भिंतीला भोकं पाडून तिच्यात काँक्रीटचे बांध का घालायचे, माळवदाची माती का उतरवायची. पैसे घेऊन एखादी नवी खोली काढायची, जुनी तशीच ठेवायची, असं चालायचं. मग स्वयंम शिक्षण प्रयोग ह्या संस्थेला लोकसहभागाचं काम मिळालं. प्रेमा गोपालन त्या संस्थेच्या संस्थापक. त्यांनी गावोगावच्या महिला मंडळांतून ‘संवाद सहायक’ म्हणून बायका उभ्या केल्या. ह्या बायकांनी घरोघरी जाऊन योजना समजावली, दुरुस्तीचं तंत्र शिकून घेतलं, कामावर देखरेख केली, हप्ता अडला तर कचेरीत जाऊन विचारलं. ज्यांनी कधी तालुक्याची कचेरी पाहिली नव्हती त्यांनी अभियंत्याला ‘आमच्या घराचा कोपरा बघितलात का?’ असं विचारायला सुरुवात केली. त्यांच्याकडे पदवी नव्हती. त्यांच्याकडे घराची माहिती होती, आणि ती बोलायची परवानगी पहिल्यांदा मिळाली होती.

ती परवानगी आपल्याला कुणी देईपर्यंत थांबायचं नाही. म्हणून आता कामाचं बोलू. पाहणीच्या आधी काय करायचं?

पाहुणा येणार म्हटलं की आपण पसारा आवरतो. अंगण झाडतो, सडा टाकतो, भिंतीला पोतेरं फिरवतो, तडा असेल तिथे कॅलेंडर लावतो, देवाचा फोटो लावतो. पाहणीला येणारा माणूस पाहुणा नव्हे. त्याच्यासाठी तयारी उलटी करायची असते. कॅलेंडर काढा. फोटो उतरवा. तडा लिंपू नका, पांढरा करू नका. ‘लोक काय म्हणतील, घर किती मोडकं’ ही लाज त्या दिवसापुरती बाजूला ठेवा.

पहिलं काम माळा. आपला माळा म्हणजे घराचं पोट. गोवऱ्या, सरपण, बियाणाच्या लोटक्या, कांदे, लग्नातली पितळी भांडी, मेलेल्या माणसाची ट्रंक, सगळं तिथे. त्याच्यामागे तुळईचं टोक भिंतीत शिरतं ती जागा झाकलेली असते, आणि छत सर्वांत आधी तिथेच कुजतं. खाली उभं राहून वर बघणाऱ्याला ते दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते कागदावर येत नाही. तेव्हा निदान भिंतीकडेचा दोन-दोन हात भाग रिकामा करा. शिडी लावून चढता येईल अशी वाट ठेवा. जड सामान खाली आणा आणि पाहणी झाल्यावर पुन्हा वर चढवू नका. पितळेची उतरंड डोक्यावर ठेवून झोपायचं कशाला?

हे काम एकटीनं करायचं नाही. पोटुशी बाई, बाळंतीण, गुडघे दुखणारी सासू, कुणीही शिडी चढायची नाही. घरातल्या पुरुषांनी, पोरांनी सामान उतरवायचं. घर सगळ्यांचं आहे तर माळाही सगळ्यांचा. आधी काठीनं ठोकून बघा, विंचू-साप असतात. विजेचा मेन बंद करा. माळ्यावरून गेलेल्या वायरी उंदरांनी कुरतडलेल्या असतात. आणि भूकंपाच्या धक्क्यानंतर भिंत कलली असेल, तुळई सरकली असेल, तर आत जाऊच नका. बाहेरूनच दाखवा.

दुसरं काम म्हणजे आपण आधी स्वतः पाहणी करायची. लाकडाला पेचकस टोचून बघा. सहज आत गेला तर वाळवी आहे. ठोकल्यावर पोकळ वाजतं का ऐका. भिंत आणि छत मिळतात तिथे फट आहे का, खोलीच्या कोपऱ्यात उभा तडा आहे का बघा. तड्यात रुपयाचं नाणं शिरतं का, ते लक्षात ठेवा. पत्र्याचे हूक गंजले का, पत्रा भिंतीपासून सुटला का बघा. स्लॅब असेल तर पोपडे कुठे पडतात, गज कुठे दिसतो, पन्हाळ तुंबून पाणी कुठे साचतं ते बघा. माळवदावर मातीची जाडी एका कडेला काठीनं मोजा. हे सगळं एका वहीत लिहून काढा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी लेकीकडून लिहून घ्या.

तिसरं काम फोटोचं. आता बहुतेक घरांत एक तरी मोबाइल आहे. पडझड झाली की काही हलवायच्या आधी फोटो काढा: एक लांबून, सगळं घर येईल असा, आणि एक जवळून. पाऊस थांबलेला नाही, लेकरं भिजतायत, तर फोटो काढल्यावर प्लास्टिक टाका, टेकू लावा; पंचनाम्याची वाट बघत गळक्या छताखाली राहायची गरज नाही.

चौथं काम म्हणजे पाहणीच्या वेळी हजर राहायचं आणि बोलायचं. चहा नंतर. साहेबांबरोबर प्रत्येक खोलीत जा, मागची खोली आणि गोठासुद्धा दाखवा. हे का महत्त्वाचं आहे ते आकड्यांतून कळेल. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ ते २०२६ ह्या काळासाठी ठरलेल्या निकषांत, सपाट प्रदेशात घर पूर्ण पडलं तर १,२०,००० रुपये होते. अंशतः पडझड असेल तर पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्या घराला ४,०००, तेही नुकसान निदान १५ टक्के असेल तरच. निकष दर काही वर्षांनी बदलतात, तेव्हा चालू आकडा तलाठ्याला विचारून घ्या. पण फरक कुठे पडतो ते बघा. ‘पूर्ण’ आणि ‘अंशतः’ ह्या दोन शब्दांत लाखाचं अंतर आहे. आणि चौदा टक्के लिहिलं तर हातात काहीच नाही. तुळईचं कुजलेलं टोक माळ्यावरच्या पोत्यामागे राहिलं, तर तो एक शब्द बदलतो.

पंचनामा म्हणजे पाच जणांनी पाहिलेलं. पंच म्हणून बाई चालत नाही असं कुठेही लिहिलेलं नाही. गल्लीतल्या दोन बायका पंचांत असाव्यात असा आग्रह धरा. सही करण्यापूर्वी कागद मोठ्यानं वाचून घ्या. कोऱ्या कागदावर सही नको, अंगठाही नको. आणि कागदाचा फोटो काढून ठेवा.

आता सर्वांत अवघड गोष्ट. पैसे कुणाच्या नावावर येतात? ज्याचं नाव घराच्या उताऱ्यावर, त्याच्या. मी काम करते त्यातल्या एका गावात एक विधवा बाई दिराच्या घरातल्या मागच्या खणात राहते. पावसानं तो खण बसला. पाहणी झाली पुढच्या दोन खोल्यांची, कारण मागच्या खणात दिराचं सामान भरलेलं होतं आणि ही बाई कामाला गेली होती. कागदावर दिराचं नाव आलं, पैसे त्याच्या खात्यात गेले, खण तसाच राहिला. तिची भांडणाची ताकद नव्हती. दोन लेकरं घेऊन जाणार कुठे? अशा बायका प्रत्येक गल्लीत आहेत: विधवा, नवऱ्यानं टाकलेल्या, भाड्यानं राहणाऱ्या. पाहणीच्या यादीत त्या दिसत नाहीत.

ह्याला दोन वाटा आहेत. २००३ साली राज्य सरकारनं ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये घराला नवरा-बायको दोघांची नावं लावावीत असा निर्णय काढला. खेड्यातल्या बहिणींनो, आपलं नाव आहे का ते उतारा काढून बघा. नसेल तर अर्ज करा. प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजनेतही घरकुल बाईच्या नावानं किंवा दोघांच्या नावानं द्यायचं असतं. दुसरी वाट २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याची. घर कुणाच्याही नावावर असो, ज्या घरात बाई कुटुंबात नांदली त्या घरात राहण्याचा तिला हक्क आहे, हे त्या कायद्यात लिहिलं आहे. हा कायदा तिला मालक करत नाही, पण कायद्याच्या प्रक्रियेशिवाय तिला रस्त्यावर काढता येत नाही. ‘ह्या खणात ही बाई राहते’ एवढी एक ओळ पंचनाम्यात आली, तरी पुढच्या अर्जाला आधार होतो. ती ओळ लिहून घ्यायला शेजारणी लागतात.

म्हणून माझी सूचना अशी. मृगाच्या आधी, म्हणजे मे महिन्यातच, प्रत्येक गल्लीत पाच जणींचा एक गट करायचा. रोज दोन घरं. माळा बघायचा, माळवदाची जाडी मोजायची, पत्र्यावरचे दगड मोजायचे, वहीत लिहायचं. सुरुवात एकट्या राहणाऱ्या बायकांच्या घरांपासून. ज्या घरात बाळंतीण आहे, तिची बाज सर्वांत भक्कम छताखाली हलवायची. ते करायला पैसे लागत नाहीत. महिन्याअखेरीला ती वही घेऊन नगरपंचायतीत किंवा ग्रामपंचायतीत जायचं, पोच घ्यायची. पाऊस पडल्यावर, धक्का बसल्यावर जो माणूस पाहणीला येईल, त्याच्या हातात आपली वही आधीच असेल.

ह्यात अडचणी येतील. ‘बायका आता छपरावर चढायला लागल्या’ असं कुणी म्हणेल. दीर म्हणेल, आमच्या माळ्यात तुमचं काय काम? त्या वेळी एकटी जाऊ नका, पाची जणी जा. वह्या मी आणल्या आहेत, त्या बाहेर ओसरीवर ठेवल्या आहेत. आपापल्या गल्लीचं नाव घालून एकेक घेऊन जा. पुढच्या बैठकीत पहिल्या दहा घरांची पानं वाचूनच आपण सुरुवात करू.